महाबळेश्वरचे निळे हायड्रेंजिया सोलापुरात गुलाबी का झाले?

प्रश्न (जुळे सोलापूर)
नमस्कार. गेल्या वर्षी महाबळेश्वरच्या एका रोपवाटिकेतून हायड्रेंजियाचे रोप आणले आणि अंगणातील काळ्या मातीत शेणखत मिसळून लावले. आणले तेव्हा त्यावर निळा गेंद होता. या पावसाळ्यात आलेली फुले मात्र गुलाबी आहेत, आणि कोवळी पाने पिवळी पडून फक्त शिरा हिरव्या उरल्या आहेत. शेजारी तुरटीचे पाणी घालायला सुचवतात. त्याआधी हा बदल कशामुळे होतो, हे मला समजून घ्यायचे आहे.

उत्तर १
रोप तेच आहे, माती बदलली आहे. निळ्या आणि गुलाबी फुलांतील रंगद्रव्य एकच असते, ते म्हणजे डेल्फिनिडिनचे ग्लुकोसाइड (साखरेचा रेणू जोडलेले रूप). पेशीतील काही सहद्रव्यांसह ते ॲल्युमिनियमशी बांधले गेले की निळे दिसते, नाहीतर गुलाबी राहते. ॲल्युमिनियम दोन्हीकडच्या मातीत भरपूर आहे. अडचण ते मुळांना मिळण्याची आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धुऊन जाते आणि मागे जांभ्याची आम्ल माती उरते. सामू (पीएच, म्हणजे मातीच्या आम्लतेचे माप; सातच्या खाली आम्ल) साडेपाचच्या खाली असला की ॲल्युमिनियम विरघळून मुळांत शिरते. सोलापूरचा मूळ खडकही बेसॉल्टच, पण पाऊस कमी असल्यामुळे चुना जमिनीतच राहतो. अशा मातीचा सामू आठच्या आसपास असतो आणि तिथे लोहही मुळांच्या हाती लागत नाही. पाने पिवळी पडण्याचे कारण तेच.

उत्तर २
ताई, थोडी वनस्पतिशास्त्राची भर घालतो, कारण या झुडपाचे मूळ घर कळले की त्याच्या मागण्याही कळतात. बागेतील मोठ्या गेंदाची जात मूळची जपानची. तिची अगदी जवळची नातेवाईक, हायड्रेंजिया सेराटा, जपान आणि कोरियातील डोंगरी जंगलांत मोठ्या झाडांच्या सावलीत, पालापाचोळा कुजून झालेल्या ओलसर मातीत वाढते. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ थुनबर्ग यांनी १७८४ मध्ये या दोघींचे वर्णन केले, तेव्हा त्यांना वायबर्नम या वेगळ्याच झुडपांच्या गटात घातले होते. रानटी झाडाचा फुलोरा चपटा असतो: मध्यभागी बारीक जननक्षम फुलांची दाटी आणि कडेने मोजकी मोठी, बहुधा वंध्य फुले, जी कीटकांना दुरून दिसतात. माणसाने निवडून वाढवलेल्या गेंदात ही कडेची फुलेच जवळजवळ सगळीकडे पसरली.

तुमच्या गेंदातील एक फूल तोडून भिंगाखाली धरा. ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो ती निदले, म्हणजे एरवी कळीला बाहेरून झाकणारी दले आहेत. त्यांच्या मधोमध मोहरीएवढा मणी दिसेल, खऱ्या पाकळ्या त्यात आहेत आणि त्या लवकर गळतात. निदले मात्र टिकतात, म्हणूनच गेंद कित्येक आठवडे तसाच राहतो आणि जुना होताना हिरवट होत जातो.

प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. मग तुरटी घालावी की नाही?

उत्तर ३
जमिनीत घालू नये. तुरटीत ॲल्युमिनियम असते हे खरे, परंतु चुनखडीची माती तिची आम्लता लगेच मारून टाकते. अंगणातील एखाद्या पांढऱ्या खड्यावर लिंबू पिळा. जे बुडबुडे येतील, ते तेच काम चालू असल्याची खूण. फुलोरा संपल्यावर रोप मोठ्या कुंडीत हलवा आणि तिच्यात जांभ्याची माती, कुजलेला पालापाचोळा व कोकोपीट भरा. बोअरचे जड पाणी टाळून शक्यतो पावसाचे साठवलेले पाणी द्या. त्यानंतर तुरटीचे अगदी सौम्य पाणी अधूनमधून चालेल. डीएपी, सुपर फॉस्फेट यांसारखी खते देऊ नका, कारण फॉस्फेट ॲल्युमिनियमला धरून ठेवते. एप्रिल-मेमध्ये कुंडी दुपारच्या उन्हात मुळीच नको. पाने मोठी असल्याने पाणी झपाट्याने उडते. छाटणी फुले ओसरताच करा. या जातीच्या पुढच्या फुलांच्या कळ्या बहुधा जुन्या फांद्यांवर आधीच धरतात, उशिरा छाटल्यास त्याच जातील.