मदत हवी आहे: ग्रीक 'मिडल'ची रूपं (उद्या चाचणी)

पाटीपेन्सिल: प्राचीन ग्रीक शिकतेय. लुओ, लुएइस, लुएइ (सोडतो, सोडतोस, सोडतो) ठीक होतं, मिडल, म्हणजे कर्ता स्वतःसाठी करतो ते क्रियारूप, आल्यापासून सगळं बिनसलंय. 'एलुसो' म्हणजे 'मी सोडलं' ना? सरांनी फुली मारली आणि पुढे गेले. उद्या सकाळी चाचणी आहे, लवकर सांगा.

उंबराचं फूल: पूर्ण वाक्य द्या. नुसत्या शब्दावरून काय सांगणार? आणि कुठलं ग्रीक? अथेन्सचं की बायबलच्या नव्या कराराचं?

घाटमाथा: नव्या कराराचं असेल तर मिडलची धास्ती नको. 'त्यानं उत्तर दिलं' याला अथेन्सवाले आपेक्रिनातो म्हणत, नव्या करारात बहुतेक ठिकाणी आपेक्रिथे आहे, म्हणजे पॅसिव्हचं (कर्मणी) रूप. मी मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरुवात केली. तुम्हीही तेच करा.

पाटीपेन्सिल: अथेन्सचंच आहे. आता पुस्तक बदलायला वेळ नाही हो. वाक्य: सू तोन आदेल्फोन एलुसो.

उंबराचं फूल: अहो, 'सू' म्हणजे 'तू'! हे आधीच द्यायचं होतं. 'मी सोडलं' म्हणजे एलुसा. 'मी सोडेन' म्हणजे लुसो, पण त्याच्या आधी ए लागत नाही. हे मिडल ऑरिस्टचं (साध्या भूतकाळाचं) द्वितीय पुरुषी एकवचन: तू भावाला सोडवून घेतलंस, खंडणी भरून. मराठीतलं 'करून घेणे' लावून बघा. दिदास्को शिकवणे, दिदास्कोमाइ मुलाला कुणाकडून तरी शिकवून घेणे. होमरच्या इलियड महाकाव्याच्या सुरुवातीला पुजारी क्रुसेस मुलीला सोडवून घ्यायला येतो तिथे मिडल, 'लुसोमेनोस'. तोच ग्रीकांना 'माझी मुलगी सोडा' म्हणतो तेव्हा ॲक्टिव्ह (कर्तरी).

पाणिनीप्रेमी: हे सरळ आत्मनेपद आहे. पुरोहित दुसऱ्यासाठी यजति, यजमान स्वतःसाठी यजते. संस्कृत येत असेल तर वेगळं शिकायलाच नको.

उंबराचं फूल: हे मान्य नाही. संस्कृतात कर्मणीला य लागतो, क्रियते. ग्रीकमध्ये लुएताइ म्हणजे 'सोडवून घेतो'ही आणि 'सोडला जातो'ही. फारकत होते ती भविष्यात आणि ऑरिस्टमध्ये: एलुसातो (सोडवून घेतलं) वेगळं, एलुथे (सोडला गेला) वेगळं. आत्मनेपद मनात धरून आलेले इथेच अडकतात.

पाणिनीप्रेमी: अर्थ राहू द्या, प्रत्यय बघा. संस्कृत भरते, ग्रीक फेरेताइ. भरन्ते, फेरोन्ताइ. भरसेच्या जोडीला फेरेसाइ हवं होतं, पण ग्रीकमध्ये दोन स्वरांमधला स गळतो, स्वर एकमेकांत मिसळतात आणि उरतं फेरे. एलुसोचं तेच. मूळ एलुसासो, शेवटचा स गळून एलुसाओ, मग एलुसो. आधीचा स ऑरिस्टची खूण म्हणून टिकला.

सागरगोटा: अवांतर: मोबाइलवर ग्रीक लिहायला पॉलिटॉनिक (जुनी आघातचिन्हं असलेला) कळफलक घ्या. १९८२ पासून ग्रीसमध्ये एकच आघातचिन्ह वापरतात, त्यामुळे साध्या कळफलकावर जुनी चिन्हं येत नाहीत.

पाटीपेन्सिल: कळफलक नको, वहीत लिहायचंय! स गळतो हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणजे 'लुए' हे लुएसाइचं ना? पण मग आकूओ, 'मी ऐकतो', सरळ ॲक्टिव्ह, त्याचं भविष्य आकूसोमाइ का? स्वतःसाठी ऐकायचं म्हणून?

उंबराचं फूल: लुए बरोबर. आकूसोमाइमध्ये अर्थ शोधत बसू नका, पाठ करा: आकूसोमाइ, लेप्सोमाइ, ओप्सोमाइ, माथेसोमाइ, एसोमाइ.

पाणिनीप्रेमी: अर्थ आहे की! ऐकणं, घेणं, बघणं, शिकणं, सगळं कर्त्याच्याच पदरात पडतं.

उंबराचं फूल: आणि एसोमाइ, 'मी असेन'? ते कुठे बसवता?