मोगली: पुस्तकातली वैनगंगा आणि रविवारची मालिका (टोपणनावांनी लिहिणाऱ्या वाचकांची चर्चा)

पळसवन

यंदाच्या उन्हाळ्यात माझ्या दहा वर्षांच्या लेकीला मी लांडग्यांत वाढलेल्या मोगलीचे पुस्तक ‘द जंगल बुक’ वाचून दाखवले. ते संपल्यावर, आमच्या पिढीने १९९३ च्या सुमारास दूरदर्शनवर रविवारी सकाळी पाहिलेली मालिकाही तिच्याजवळ बसून पुन्हा पाहिली. लहानपणी माझे दोन्हींवर सारखेच प्रेम होते. आता मात्र माझे मत असे झाले आहे की पुस्तकाने आम्हाला आमचा मुलूख दिला होता आणि मालिकेने तो काढून घेतला.

आमचे गाव भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेपासून दीड कोसावर आहे. रुडयार्ड किपलिंगच्या १८९४ च्या पुस्तकातले डोंगर सिवनीचे आहेत आणि त्यातली नदी हीच वैनगंगा आहे, जी सिवनी जिल्ह्यात उगम पावून बालाघाटवरून आमच्याकडे येते. शाळेत असताना हे नाव छापलेले पाहिले, तेव्हा ते पान उघडे धरून मी आजोबांकडे धावत गेले होते, कारण आपल्या नदीचे नाव गोष्टीच्या पुस्तकात येऊ शकते याची मला कल्पनाच नव्हती.

शेरखानाच्या शेवटाचा प्रसंग घ्या. मोगली गावच्या म्हशी चारायला नेतो आणि त्याचा लांडगाभाऊ त्याला तांबूस सोनेरी फुलांनी भरलेल्या झाडाजवळ भेटतो. आमच्या अनुवादात त्या झाडाला ‘ढाक’ म्हटले होते. ढाक म्हणजे पळस हे मला फार उशिरा कळले, म्हणून या वेळी वाचताना मी सरळ पळसच म्हणाले आणि लेकीने लगेच खिडकीतून आमच्या बांधावरच्या झाडाकडे बोट दाखवले. शेरखान डुक्कर खाऊन, वर पाणी पिऊन कोरड्या नाल्यात पडलेला असतो, आणि अशा भरल्या पोटी त्याला दरड चढणे शक्य नसते. मोगली कळपाचे दोन भाग करतो. रामा नावाच्या हल्ल्याच्या, म्हणजे रेड्याच्या, पाठीवर बसून तो सगळे हल्ले वरच्या अंगाने नाल्यात घालतो, आणि रेडकांसह म्हशी नाल्याच्या खालच्या तोंडाशी उभ्या राहतात. कोंडीत सापडलेला वाघ म्हशींकडे न जाता हल्ल्यांकडे वळतो, कारण पिल्लू सोबत असलेली म्हैस हल्ल्यापेक्षा वाईट, हे त्याला ठाऊक असते. आमच्या गावचा म्हातारा ढोरकी हेच सांगायचा, आणि त्याने ते पुस्तक कधी पाहिले नव्हते.

मालिकेत मोगलीच्या सोबतीला लाल पांडा आहे. हा प्राणी हिमालयातल्या थंड जंगलांचा. सातपुड्यात तो कुणीही पाहिलेला नाही. ५२ भागांची ही मालिका १९८९-९० मध्ये जपानमध्ये तयार झाली आणि तिच्यातले जंगल कुठलेही असू शकते. जे मूल वैनगंगेकाठी वाढते, त्याच्यासाठी हे मोठे नुकसान आहे असे मला मनापासून वाटते.

आखर

ताई, आपण लिहिलेला नाल्याचा प्रसंग वाचून अंगावर काटा आला, तरीही आपल्या निष्कर्षाशी मी सहमत होऊ शकत नाही. मी गोंदिया जिल्ह्यातल्या एका खेड्यात वाढलो आणि आज प्राथमिक शाळेत शिकवतो. आमच्या शाळेत त्या पुस्तकाची एकच प्रत होती आणि ती लोखंडी कपाटात कुलूपबंद असे, कारण हरवलेल्या पुस्तकाची किंमत गुरुजींच्या पगारातून कापली जाईल अशी भीती सर्वांच्या मनात होती. चार वर्षांत ते पुस्तक माझ्या हाती एकदाही आले नाही. मालिका मात्र आम्हा साठ-सत्तर पोरांना एकाच वेळी मिळाली. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर काळा-पांढरा टीव्ही मांडला जाई, वीज गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणली जाई, आणि बलुतेदाराचे पोर व मालगुजाराचे पोर एकाच तरटावर मांडीला मांडी लावून बसत. गुलजारांचे शब्द आणि विशाल भारद्वाजांची चाल असलेले ते शीर्षकगीत ओट्यावरून घरी जाईपर्यंत सगळे म्हणत असत. शेरखानाला नाना पाटेकरांचा आवाज होता, आणि तो आवाज काढता येणाऱ्या मुलाला आमच्यात वेगळाच मान होता.

राहिला मुलुखाचा प्रश्न. मालिका संपली की आम्ही आखरावर, म्हणजे गावची ढोरे जमतात त्या मोकळ्या जागेवर जाऊन, ढोरे सुटायच्या आत, मोगली खेळत असू. आमचा अकेला, म्हणजे लांडग्यांचा म्होरक्या, मोहाच्या झाडाखाली बसायचा आणि लांडग्यांची सभा भरते ती आमची सभाशिळा म्हणजे मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवरचा दगड होता. मालिकेत वैनगंगा नव्हती हे खरे, परंतु पाहणाऱ्या मुलांनी ती जागा आपल्या गावाने भरून काढली. ज्याला नाव नसते, त्याला आपले नाव देता येते.

पळसवन

सर, कपाटाला कुलूप होते हा कपाटाचा दोष झाला, त्याने मालिका अधिक चांगली ठरत नाही. आपल्या सभाशिळेबद्दल मात्र मी विचार करते आहे.

तुरीची राखण

ताई, आपण ज्या पुस्तकाला मूळ धरून बोलत आहात, तो आपण लहानपणी वाचलेला संक्षिप्त अनुवाद आहे, आणि संक्षिप्त अनुवाद हेही रूपांतरच असते. मी पूर्ण पुस्तक वाचले तेव्हा माझ्या मनातला मोगली पार बदलला, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

१८९५ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात मोगलीची कथा पुढे जाते. ज्या मेसुआने त्याला मुलासारखे सांभाळले, तिला आणि तिच्या नवऱ्याला गावकरी चेटूक केल्याच्या आरोपावरून बांधून ठेवतात व जाळायला निघतात. मोगली त्यांना सोडवतो आणि ते न्यायासाठी कान्हीवाड्याला, म्हणजे इंग्रजांच्या आश्रयाला पळून जातात. त्यानंतर मोगली हत्तींना सांगून सबंध गाव उठवतो. आधी हरणे, डुकरे आणि रोही (नीलगाई) उभ्या पिकांत शिरतात, मग पावसाळ्यात हत्ती घरे पाडतात, आणि अखेरीस शेतांवर जंगल चढते. लेखकाने हे सगळे न्याय म्हणून रंगवले आहे. गावातली माणसे भित्री, लोभी आणि अंधश्रद्ध आहेत, शिकारी बलदेव बढाईखोर आहे, आणि शहाणपण आहे ते जंगलात किंवा साहेबाकडे.

ताई, मी यवतमाळ जिल्ह्यात कोरडवाहू शेती करते. तूर फुलोऱ्यावर आली की माझा नवरा आणि मी आळीपाळीने रात्रभर मचाणावर बसून डबा वाजवतो, कारण रानडुकरांचा एक कळप एका रात्रीत दोन एकर उलथून टाकतो. रोही कुंपणावरून कशी उडी घेते, हे मी टॉर्चच्या उजेडात अनेकदा पाहिले आहे. अशा रात्री त्या गोष्टीतले गाव मला आठवते आणि मी कुणाच्या बाजूने वाचायचे हा प्रश्न पडतो. आपल्या नदीचे नाव पुस्तकात आले याचा आनंद मलाही आहे, पण ज्या माणसाने हे सगळे अमेरिकेत व्हरमाँटला बसून लिहिले, त्याने नदीकाठच्या आपल्यासारख्या माणसांना काय दिले, हेही पाहायला हवे. मालिकेने निदान मुलांसमोर शेतकऱ्याच्या उद्ध्वस्त शेताचा विजयोत्सव मांडल्याचे मला आठवत नाही.

मधली सुट्टी

मालिका म्हटली की मुलूख जातोच असे नाही, एवढेच मला मांडायचे आहे. आर. के. नारायण यांचे मालगुडी हे गाव नकाशावर कुठेच नाही. तरीही शंकर नाग यांनी १९८० च्या दशकात त्यावर मालिका केली तेव्हा कर्नाटकातल्या आगुंबेला जाऊन चित्रण केले, आणि लेखकाचे धाकटे बंधू आर. के. लक्ष्मण यांची रेखाटने सुरुवातीला दाखवली. मी वर्धा जिल्ह्यातला. आगुंबेचा तसला पाऊस मी आजही प्रत्यक्ष पाहिलेला नाही. परंतु त्यातला शाळकरी मुलगा स्वामी हेडमास्तरांना घाबरून कसा उभा राहतो, हे आमच्या शाळेतल्या प्रत्येक मुलाला ओळखीचे होते. पुस्तक पुन्हा वाचताना मला स्वामीचे काम करणाऱ्या मास्टर मंजुनाथचाच चेहरा दिसतो आणि त्याची अडचण वाटत नाही. जपानी चित्रकारांना सिवनीला येणे जमले नसेल, पण म्हणून सर्व मालिकांना एकच न्याय लावू नये.

पळसवन

तुरीची राखण, आपला प्रतिसाद मी काल रात्री दोनदा वाचला. मी लेकीला वाचून दाखवलेली प्रत संक्षिप्तच होती, आणि गाव उठवण्याचे प्रकरण तीत नाही. ते असते तर मी ते कसे वाचले असते, हे मला आज सांगता येत नाही. आमच्याकडे धानाच्या बांधीत डुकरे शिरतात, आणि सकाळी आडवा झालेला धान पाहून आजोबा दिवसभर कुणाशी बोलत नसत, हे मी विसरलेले नाही. मुलूख दिला असे मी लिहिले, त्यात माणसे धरली नव्हती. ते वाक्य मी मागे घेते.

पण नाला, पळस आणि रेडकांसह उभ्या म्हशी मी सोडणार नाही. लेखकाने आपल्या माणसांवर अन्याय केला असेल, तरी म्हशीबद्दल तो खरे बोलला आहे, आणि ते खरेपण मालिकेत मला दिसले नाही.

आखर

ताई, आमच्या शाळेत आता कपाट उघडे असते. पुढच्या आठवड्यात सातवीच्या मुलांना आधी नाल्याचा प्रसंग आणि लगेच त्यापुढे गाव उठवण्याचे प्रकरण वाचून दाखवावे असे मनात आहे, कारण त्यातल्या निम्म्या मुलांच्या घरी शेती आहे. आपल्या प्रतीतली गोष्ट कुठे थांबते, तेवढे कळवावे, म्हणजे तिथून पुढचा भाग मला शोधता येईल.

पळसवन

वाघाचे कातडे सभाशिळेवर पसरून मोगली गाव आणि कळप दोन्ही सोडतो, आणि चार लांडगेभावांसोबत शिकारीला निघून जातो. तिथे आमची प्रत संपते.