आरपीजी मेकर २००० विंडोज ११ वर: अक्षरं बिघडतात, टेस्ट प्ले उघडत नाही

प्रश्न (टाइलवाला)

आरपीजी मेकर २००० हे रोल-प्लेइंग गेम बनवायचं जुनं सॉफ्टवेअर; माझ्याकडे आस्की या जपानी कंपनीची मूळ जपानी आवृत्ती आहे. लॅपटॉपवर विंडोज ११, ६४-बिट. एडिटर प्रोग्राम फाइल्समध्ये टाकलाय आणि तो उघडतो, पण मेन्यूत जपानीऐवजी भलतीच चिन्हं दिसतात. टेस्ट प्ले (बनवलेला गेम चालवून बघायचं बटण) दाबलं की कधी डायरेक्टड्रॉची (विंडोजच्या जुन्या चित्र-प्रणालीची) एरर, कधी नुसता काळा पडदा. एक जुना प्रोजेक्ट झिपमध्ये होता, तो उघडला तर चित्रांच्या फायली सापडत नाहीत म्हणतो. कंपॅटिबिलिटीत विंडोज एक्सपी लावून पाहिलं, फरक शून्य. मला गेम नुसता खेळायचा नाही, एडिटरमध्ये काम करायचं आहे.

उत्तर (कोडपान)

हे तीन वेगवेगळे बिघाड आहेत, त्यामुळे एक्सपी मोडच्या एका टिकमार्कने काही होणार नाही.

आधी अक्षरं. हा प्रोग्राम युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांसाठी एकच कोड) आधीच्या पद्धतीने लिहिलेला आहे. मजकूर शिफ्ट-जिस, म्हणजे कोडपेज (कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर ते सांगणारा तक्ता) ९३२ मध्ये साठवतो आणि वाचताना विंडोजचं जे कोडपेज असेल त्याने वाचतो. भारतात घेतलेल्या मशीनवर ते बहुधा १२५२, म्हणजे रोमन लिपीचं, असतं. कंट्रोल पॅनेलमध्ये रीजन, त्यात अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टॅब, तिथे सिस्टीम लोकेल (जुन्या प्रोग्रामसाठीची भाषा) जपानी करा आणि मशीन रीस्टार्ट करा. त्याच खिडकीत ‘बीटा: यूटीएफ-८’ असा चौकोन आहे, त्यात खूण असेल तर काढा. ती राहिली तर लोकेल जपानी करूनही कोडपेज ६५००१ (यूटीएफ-८) च राहतं आणि अक्षरं तशीच बिघडलेली दिसतात. सगळं मशीन बदलायचं नसेल तर लोकेल एम्युलेटर (एकाच प्रोग्रामला जपानी लोकेल भासवणारं साधन) वापरा. तो ३२-बिट प्रोग्रामवरच चालतो, पण आपला एडिटर ३२-बिटच आहे.

झिपचं दुखणंही याच जातीचं. फायलींची नावं जपानीत होती आणि एक्सप्लोररने ती चुकीच्या कोडपेजने उलगडली. प्रोजेक्टला हवं ते नाव आता डिस्कवर नाहीच. बसून नावं बदलू नका. तो फोल्डर काढून टाका आणि सेव्हन-झिपच्या कमांड लाइनवरून पुन्हा उलगडा; शेवटी ‘एमसीपी=९३२’ हा पर्याय, रोमन अक्षरांत आणि त्याच्या आधी उणेचिन्ह लावून, द्या.

उत्तर (स्कॅनलाइन)

पडद्याचं मी सांगतो. गेम चालवणारी फाइल म्हणजे आरपीजी_आरटी.ईएक्सई. ती फुलस्क्रीनमध्ये थेट ३२० गुणिले २४० चा मोड मागते आणि आजच्या बऱ्याच ग्राफिक्स ड्रायव्हरकडे तो मोडच नसतो. म्हणून आधी खिडकीत चालवून बघा. शॉर्टकट बनवा आणि टार्गेटमध्ये फाइलच्या नावापुढे हे तीन शब्द याच क्रमाने, रोमन लिपीत, मध्ये एकेक स्पेस देऊन लिहा: टेस्टप्ले, शोटायटल, विंडो. पहिले दोन्ही जोडशब्द सलग, मध्ये जागा न सोडता. गेम सुरू झाल्यावर एफ४ ने फुलस्क्रीन आणि खिडकी यांत अदलाबदल होते, एफ५ ने खिडकी लहान-मोठी होते.

तरीही एरर आली तर डीजीव्हूडू २ (जुने डायरेक्टड्रॉ गेम नव्या मशीनवर चालवणारं साधन) उतरवा. त्याच्या एमएस फोल्डरमधल्या एक्स८६ (३२-बिट) मधली डीड्रॉ.डीएलएल प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये, आरपीजी_आरटीच्या शेजारी ठेवा. एडिटरच्या फोल्डरमध्ये ठेवून उपयोग नाही, कारण टेस्ट प्ले प्रोजेक्टमधली आरपीजी_आरटी चालवतो. एक्स६४ (६४-बिट) मधली उचलली तर ०एक्ससी०००००७बी हा आकडा दाखवून प्रोग्राम बंद पडेल.

आणि एडिटर प्रोग्राम फाइल्समधून हलवा, प्रोजेक्टसुद्धा. तिथे लिहायची परवानगी नसते, म्हणून विंडोज जुन्या प्रोग्रामचं लिखाण गुपचूप अ‍ॅपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर या फोल्डरकडे वळवतं. एडिटरला नकाशा सेव्ह झालेला दिसतो, पण तुम्ही मूळ फोल्डर झिप करून कुणाला पाठवलात की त्यात जुनाच नकाशा जातो. सी ड्राइव्हवर थेट एक फोल्डर करा, नाव साध्या रोमन अक्षरांत.

उत्तर (कोडपान)

बरोबर. त्यालाच जोडून आरटीपीचं एक. आरटीपी म्हणजे सोबत येणारी चित्रं-आवाजांची शिदोरी. ती कुठे आहे हे रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) एचकी करंट युजर, सॉफ्टवेअर, आस्की, आरपीजी२००० इथे ‘रनटाइमपॅकेजपाथ’ मध्ये लिहिलेलं असतं. इन्स्टॉल करताना दुसऱ्या अ‍ॅडमिन खात्याचा पासवर्ड दिलात तर ही नोंद त्या खात्यात जाते आणि तुमच्या खात्यातून आरटीपी सापडत नाही. नोंद हाताने घाला, पत्ता कॅरसेट आणि चिपसेट हे फोल्डर ज्याच्या आत आहेत त्याचा द्या.

उत्तर (पेंग्विन)

लिनक्सवर वाइनमध्येही (विंडोजचे प्रोग्राम चालवणारं साधन) एडिटर चालतो. आधी लोकेल-जेनने जपानी यूटीएफ-८ लोकेल बनवून घ्या, मग वाइन सुरू करताना एलसी_ऑल (भाषा ठरवणारं सेटिंग) त्यावर ठेवा. लोकेल बनवलंच नसेल तर वाइन एरर देत नाही, फक्त अक्षरं बिघडतात. विनट्रिक्समधून (वाइनच्या सोबतीचं साधन) जपानी फॉन्टही घ्या, नाहीतर चौकोन दिसतील.

तयार गेम दुसऱ्यांना द्यायचा असेल तर ईझीआरपीजी प्लेअर (आरपीजी_आरटीच्या जागी गेम चालवणारा प्रोग्राम) बघाच. मुक्त स्रोत आहे, विंडोज, लिनक्स, मॅक, अँड्रॉइड सगळीकडे चालतो आणि त्याला सिस्टीम लोकेल बदलावं लागत नाही. कोडपेज ओळखायला चुकला तर आरपीजी_आरटी.आयएनआय मध्ये ईझीआरपीजी या विभागाखाली एन्कोडिंग ९३२ लिहा.

टाइलवाला

लोकेल बदललं, फोल्डर हलवला, खिडकीत टेस्ट प्ले सुरू झाला. आभार! संवाद मराठीत घालता येतील का?

उत्तर (कोडपान)

मजकूर म्हणून नाही. एका गेमला एकच कोडपेज, आणि देवनागरीसाठी सिस्टीम लोकेलला लावता येईल असं जुन्या धाटणीचं कोडपेज विंडोजमध्ये कधी आलंच नाही. नवीन आरपीजी मेकर एमव्हीत युनिकोड आहे, पण तो संवादातलं एकेक अक्षर सुटं रंगवतो, त्यामुळे जोडाक्षरं फुटतात आणि मात्रा ठिपक्यांच्या वर्तुळासकट दिसतात.

आरपीजी मेकर २००० मध्ये करायचंच तर संवाद चित्र म्हणून दाखवा. संवादाची चौकट ३२० गुणिले ८० असते, तेवढं चित्र गिंपमध्ये (चित्र संपादनाचा प्रोग्राम) बनवा आणि इमेज, मोड, इंडेक्स्डमध्ये जाऊन २५६ रंगांवर आणा; त्याहून जास्त रंगांची पीएनजी एडिटर घेतच नाही. अक्षरांचं अँटीअलियासिंग (कडा गुळगुळीत करणं) बंद ठेवा, नाहीतर पारदर्शक रंगाच्या कडेला घाणेरडी झालर येते. चित्र दाखवल्यावर कळ दाबेपर्यंत थांबायची आज्ञा, मग चित्र पुसायची आज्ञा. १६ पिक्सेल उंचीत रफार आणि रुकार नीट वाचता येत नाहीत, २० च्या पुढे ठेवा, म्हणजे चौकटीत तीन ओळी बसतात.