कुंड्यांमधील थकलेली माती कमी खर्चात पुन्हा जिवंत करता येईल का?

प्रश्न

माझ्याकडे लहानमोठ्या बऱ्याच कुंड्या आणि काही ग्रो बॅगा आहेत. त्या भरताना मी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), कंपोस्ट आणि पर्लाइट (हलके, सच्छिद्र पांढरे दाणे) यांचे मिश्रण वापरले होते. काही हंगाम त्यांत टोमॅटो, मिरची, पालेभाज्या आणि फुलझाडे चांगली आली. आता मात्र मिश्रणाची पातळी काठापासून बरीच खाली बसली आहे आणि वर पांढरट थर जमतो. पाणी घातले की ते कुंडीच्या कडेने झरकन खाली उतरते आणि मधला भाग कोरडाच राहतो. एका कुंडीतील मिश्रण उपसून पाहिले, तर तळाशी काळा चिखल होता आणि त्याला कुबट वास येत होता. द्रवरूप खत दिले की झाडे थोडे दिवस तरारतात आणि पुन्हा पिवळी पडतात.

सगळे मिश्रण टाकून नवे घेणे मला परवडणारे नाही आणि रासायनिक खतांवर विसंबून राहण्याचीही इच्छा नाही. ही माती सुधारता येईल का, ‘जिवंत माती’साठी सांगितली जाणारी जिवाणूंची द्रावणे खरोखर लागतात का, आणि हाताशी थोडेच पैसे असतील तर ते आधी कशावर खर्च करावेत, याबाबत जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

माती टाकू नका. आपण सांगितलेल्या लक्षणांपैकी बहुतेक लक्षणे अन्नद्रव्यांच्या कमतरतेची नसून हवेच्या कमतरतेची आहेत, आणि ती खताने बरी होत नाहीत.

कुंडीतील सेंद्रिय भाग सूक्ष्मजीव सतत खात असतात आणि त्यातील बराचसा कार्बन वायुरूपाने निघून जातो, म्हणून पातळी खाली बसते. उरलेले तंतू तुटून बारीक होतात, ती भुकटी मोठ्या पोकळ्यांमध्ये जाऊन बसते आणि ज्या जागेतून पूर्वी हवा खेळत होती तिथे आता पाणी अडकून राहते. मुळांना आणि उपयुक्त जिवाणूंना प्राणवायू मिळेनासा झाला की कुबट वास येऊ लागतो. पांढरा थर हा पाण्यातून आणि खतांतून साचलेल्या क्षारांचा असतो. पाणी कडेने निघून जाते, कारण पूर्ण वाळलेले कोकोपीट आकसून कुंडीच्या भिंतीपासून सुटते आणि वाळलेला गोळा सहजासहजी पाणी शोषत नाही. अशी कुंडी पाण्याने भरलेल्या टबात बुडबुडे थांबेपर्यंत ठेवली, तर गोळा आतपर्यंत भिजतो.

तळाच्या चिखलाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण याच ठिकाणी पैसे वाया जातात. कोणत्याही कुंडीत पाणी निथळून झाल्यावरही तळाशी एक संपृक्त, म्हणजे पाण्याने पूर्ण भरलेला, थर उरतोच. त्या थराची उंची कुंडीच्या उंचीवर नव्हे, तर मिश्रणाच्या कणांच्या आकारावर अवलंबून असते. म्हणून तेच मिश्रण उथळ कुंडीत जास्त चिखल करते आणि उंच कुंडीत कमी. तळाशी खडीचा थर दिल्याने हे पाणी खाली जात नाही, उलट तो संपृक्त थर खडीच्या वर सरकतो आणि मुळांच्या वाट्याची जागा घटते. तीच खडी मिश्रणात कालवली तर उपयोग होतो, पण तोही तिचे प्रमाण पुरेसे असेल तरच. बारीक मातीत मूठभर पर्लाइट टाकल्याने काहीच होत नाही, कारण प्रत्येक दाण्याभोवती भुकटी भरून राहते. जाड कणांचा वाटा पुरेसा मोठा झाला, की मगच कणांमध्ये पोकळ्या तयार होतात.

प्रत्यक्ष काम करताना मिश्रण पसरून जाड, लाकडासारखी मुळे काढून टाकावीत. बारीक मुळे राहू द्यावीत, ती आतच कुजून पोकळ वाटा सोडतात. नंतर बारीक चाळणीने पिठासारखा भाग वेगळा करावा. तो फेकू नये, कंपोस्टच्या ढिगात घालावा किंवा जमिनीतील झाडांना द्यावा. क्षार साचले असतील तर चाळणीवरचे मिश्रण भोके पाडलेल्या बादलीत भरून त्याच्या आकारमानाच्या दुप्पट-तिप्पट साधे पाणी थांबत थांबत त्यातून निथळू द्यावे. मग अंदाजे अर्धे जुने मिश्रण, पाव ते एक तृतीयांश जाड भाग आणि उरलेले पूर्ण मुरलेले कंपोस्ट, असे एकत्र करावे. जाड भागासाठी पर्लाइटच हवे असे नाही. वाटाण्याएवढे फोडलेले विटांचे तुकडे, चाळलेली खडी, हलका सच्छिद्र दगड किंवा झाडाच्या सालीचे तुकडे चालतात. वीट जड असते, हे मात्र वजनाची मर्यादा असलेल्या ठिकाणी ध्यानात ठेवावे.

सावकाश मिळणाऱ्या अन्नासाठी 10 लिटर मिश्रणाला एक छोटी मूठ पेंडेची भुकटी पुरते. पेंड कुजताना अमोनिया सुटतो आणि कोवळी मुळे भाजतात, त्यामुळे असे मिश्रण ओलसर ठेवून दोन ते चार आठवडे मुरू द्यावे आणि मगच त्यात रोपे लावावीत.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु ‘पूर्ण मुरलेले कंपोस्ट’ हे दोन शब्दांत आटोपण्याजोगे नाही. कमी खर्चात माती करणाऱ्यांचा घात बहुधा अर्धवट कुजलेल्या कंपोस्टने होतो, कारण फुकट किंवा स्वस्त मिळणारा माल अनेकदा तसाच असतो.

कार्बन आणि नत्र (नायट्रोजन) यांचे गुणोत्तर, म्हणजे एक भाग नत्रामागे कार्बनचे भाग, 25 ते 30 च्या आसपास असेल तर ढीग नीट कुजतो. वाळलेल्या पानांमध्ये ते साधारण 40 ते 80 असते आणि लाकडाच्या भुशात काही शेकडे. असा कार्बनयुक्त माल कच्चाच मिश्रणात मिसळला, तर जिवाणू तो पचवण्यासाठी मातीतले नत्र स्वतःकडे ओढून घेतात आणि झाड पिवळे पडते. आपण दिलेले द्रवखत थोडे दिवसच का पुरते, याचे एक कारण हेही असू शकते. तोच भुसा किंवा पाला पृष्ठभागावर आच्छादन म्हणून पसरला, तर मात्र ही अडचण जवळजवळ येत नाही, कारण नत्राची ओढाताण फक्त मातीला टेकलेल्या पातळ थरात होते.

कंपोस्ट मुरले आहे का, हे पाहण्यासाठी मूठभर ओलसर कंपोस्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन-चार दिवस सावलीत ठेवावे. पिशवी उघडल्यावर पहिल्या पावसानंतर येतो तसा मातीचा वास आला तर ठीक. आंबट, अमोनियासारखा किंवा सडल्यासारखा वास आला तर ते आणखी मुरू द्यावे. बाहेरून शेणखत किंवा पेंढा आणत असाल, तर आणखी एक चाचणी अवश्य करावी. क्लोपायरालिड आणि अमिनोपायरालिड ही रुंद पानांच्या तणांसाठी वापरली जाणारी तणनाशके चाऱ्यातून जनावराच्या पोटात जाऊनही टिकतात आणि खतात उतरतात. कंपोस्ट करूनही ती लवकर नष्ट होत नाहीत. म्हणून त्या खताचे थोडे मिश्रण करून त्यात घेवड्याच्या किंवा वाटाण्याच्या बिया लावाव्यात आणि शेजारी खत नसलेल्या मिश्रणातही लावाव्यात. खताच्या कुंडीतील नवी पाने वाटीसारखी वळली किंवा शेंडा पिळवटला, तर ते खत कितीही काळेभोर आणि भुसभुशीत दिसले तरी कुंड्यांत घालू नये.

पैसे वाचवायचे असतील तर माझी पसंती पानांच्या खताला आहे. वाळलेली पाने चुरडून, ओली करून, भोके पाडलेल्या पोत्यात दाबून ठेवली की वर्ष-दोन वर्षांत गडद, हलका माल तयार होतो. त्यात अन्नद्रव्ये फारशी नसतात, पण तो ओलावा उत्तम धरतो आणि कोकोपीटची जागा घेऊ शकतो. वेळ लागतो, खर्च लागत नाही.

अंड्याच्या टरफलांबद्दल बरेच गैरसमज आहेत. ती कॅल्शियम कार्बोनेटची असतात आणि हाताने चुरलेले तुकडे कुंडीत वर्षानुवर्षे तसेच दिसतात. पिठासारखी दळली आणि माती आम्लधर्मी असली तरच काही उपयोग होतो.

मूळ प्रश्नकर्ता

दोन्ही प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. जिवाणूंच्या द्रावणांचा आणि मुळांवरील उपयुक्त बुरशीच्या भुकटीचा प्रश्न अजून शिल्लक आहे. गांडुळे विकत आणून कुंड्यांत सोडावीत का, हेही विचारायचे होते. एका ग्रो बॅगेतील टोमॅटो उपटला, तेव्हा मुळांवर गाठी दिसल्या. ती माती इतर मातीत मिसळण्यास हरकत नसावी ना?

प्रतिसाद ३

मिसळू नये, आधी त्या गाठी काय आहेत ते पाहावे. चवळी, घेवडा यांसारख्या शेंगावर्गीय पिकांच्या मुळांवर हवेतील नत्र स्थिर करणाऱ्या गाठी येतात. त्या मुळाच्या बाजूला चिकटलेल्या असतात, नखाने सहज सुटतात आणि फोडल्यास आतून गुलाबी दिसतात. टोमॅटो शेंगावर्गीय पिकांमध्ये येत नाही. त्याच्या बाबतीत मूळच जागोजागी सुजलेले असेल आणि गाठ सोडवताना मूळ तुटत असेल, तर ते मुळांत शिरणाऱ्या सूत्रकृमींचे (डोळ्यांना सहसा न दिसणाऱ्या धाग्यासारख्या कृमींचे) काम समजावे. ती माती वेगळी ठेवावी आणि हाताळलेली अवजारे धुवावीत. कडक ऊन मिळत असेल तर ती ओली करून पातळ थरात पसरावी, वर पारदर्शक प्लॅस्टिक घट्ट अंथरावे आणि ती काही आठवडे तापू द्यावी. या उपायाने उपयुक्त जीवही मरतात, म्हणून नंतर तिच्यात चांगले कंपोस्ट मिसळावे लागते. तरीही त्या मातीत लगेच टोमॅटो, वांगी, भेंडी किंवा काकडीवर्गीय पिके घेऊ नयेत.

आता द्रावणांविषयी. निरोगी मातीच्या एका ग्रॅममध्ये जिवाणूंची संख्या कोट्यवधींपासून अब्जावधींपर्यंत असते. चांगल्या कंपोस्टसोबत हे सर्व आपोआप येते. मातीत त्यांची उणीव क्वचितच असते. उणीव असते ती हवेची, ओलाव्याची आणि अन्नाची. शिवाय केवळ जिवाणू असून भागत नाही. जिवाणू नत्र आपल्या शरीरात धरून ठेवतात. त्यांना आदिजीव (एकपेशीय सूक्ष्म जीव) आणि मुळांना त्रास न देता मातीत मुक्तपणे वावरणारे सूत्रकृमी खातात, आणि खाऊन उरलेले जादा नत्र अमोनियमच्या रूपाने बाहेर टाकतात, तेव्हा ते झाडाला मिळते. ही संपूर्ण साखळी बाटलीतून येत नाही. गूळ किंवा मळी घालून उकळी फुटल्यासारखे हवेने ढवळलेले कंपोस्टचे पाणीही अनेकजण सुचवतात. त्याच्या फायद्याचा पुरावा डळमळीत आहे आणि साखरेमुळे त्यात रोगकारक जिवाणू वाढण्याचा धोका असतो, त्यामुळे कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाज्यांवर ते फवारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशीची, म्हणजे मायकोरायझाची, भुकटी घ्यायचीच असेल तर ती लावणीच्या वेळी थेट मुळांना लागेल अशी टाकावी. कोबी, मोहरी, मुळा, पालक आणि बीट यांच्या मुळांशी ही बुरशी नाते जोडत नाही, तेव्हा तिथे तो खर्च व्यर्थ आहे. मातीत स्फुरद (फॉस्फरस) भरपूर असेल, तर इतर झाडेही तिला फारशी दाद देत नाहीत.

गांडुळे विकत आणू नयेत. गांडूळखतासाठी वापरली जाणारी आयसेनिया फेटिडा ही जात ओल्या, कुजत्या मालाच्या वरच्या थरात राहणारी आहे. लहान कुंडीतील उष्णता आणि अधूनमधून पडणारा कोरडेपणा तिला सोसत नाही. तयार गांडूळखत मात्र जरूर वापरावे. मिश्रणाच्या 10 ते 20 टक्के पुरेसे होते. त्याहून जास्त घातल्यास निचरा बिघडतो.

प्रतिसाद १ देणारे सदस्य

खर्चाचा क्रम विचारला होता, तो सांगायचा राहिला. पहिला पैसा जाड भागावर, दुसरा कंपोस्टवर आणि तिसरा मोठ्या कुंडीवर. चार लहान कुंड्यांपेक्षा तेवढीच माती एका मोठ्या कुंडीत भरली तर ती हळू तापते, हळू वाळते आणि सूक्ष्मजीवांना स्थिर परिस्थिती मिळते. 20 लिटरहून लहान कुंडीत माती जिवंत राखणे अवघड जाते. खते आणि द्रावणे या यादीत त्यानंतर येतात, आणि बहुतेक वेळा येतच नाहीत.

सगळ्या कुंड्या एकदम उपसण्याची गरज नाही. ज्यांत चिखल आणि वास आहे, त्या आधी घ्याव्यात. बाकीच्यांमध्ये हंगाम संपल्यावर झाड न उपटता खोड मातीलगत कापावे. मुळे आतच राहू द्यावीत, बसलेल्या पातळीएवढे कंपोस्ट आणि जाड भाग वर घालावा आणि त्यावर दोन-तीन बोटे वाळका पाला पसरावा. पाल्याचा थर खोडाला चिकटू देऊ नये, तिथे ओल धरून खोड कुजते. नंतर कुंडी रिकामी न ठेवता लगेच काहीतरी लावावे, कारण मुळांतून झिरपणाऱ्या शर्करांवर मातीतील बरेच जीव जगतात. मेथी किंवा चवळीसारखे काहीही चालेल. सूत्रकृमींची शंका असलेल्या ग्रो बॅगेला मात्र ही पद्धत लावू नये. तिथली मुळे शक्य तेवढी वेचून नष्ट करावीत आणि कंपोस्टच्या ढिगात टाकू नयेत.