सोसायटीला इन्व्हर्टर घ्यावा की जनरेटर? पावसाळ्याआधी ठरवायचंय

खानापूरचा सेक्रेटरी
नमस्कार मंडळी. जांबोटी भागात आमची छोटी सौहार्द सोसायटी, म्हणजे सहकारी पतसंस्था आहे. इकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. लाइन जंगलातनं येते, फांदी तारेवर पडली की करंट गेला, आणि फॉल्ट सापडेस्तोवर दुपार होते. दोन बॅटऱ्यांचा इन्व्हर्टर तासाभरात मान टाकतो. मग पिग्मीवाले (रोजची बचत गोळा करणारे) रोकड घेऊन बाकावर, दागिने सोडवायला आलेली माणसं काउंटरला, आणि सर्व्हर बंद. लॉकर खोलीचे कॅमेरेही बंद पडतात, खरी काळजी त्याची.

चेअरमन म्हणतात जनरेटर. एक संचालक म्हणतात छतावर सोलर टाका, बिलही वाचेल. लोड असा: पाच कॉम्प्युटर (त्यातला एक सर्व्हर), कॅमेरे, राउटर, चार ट्यूब, तीन पंखे, एक लेझर प्रिंटर. काय करू?

निपाणीचा वखारवाला
जनरेटर घ्या हो. एकदाच खर्च, कटकट मिटली.

उद्यमबागचा वायरमन
वखारवाले, कटकट मिटत नाही, बदलते. डिझेल कोण आणणार, पावसात बाहेर जाऊन चालू कोण करणार, हे आधी ठरवा.

सेक्रेटरीसाहेब, प्रिंटर सोडून तुमचा लोड साडेनऊशे-हजार वॅट होतोय. १५० ॲम्पिअर-अवरची १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १८०० वॅट-अवरची, पण हातात बाराशेच धरा. म्हणजे दोन धडक्या बॅटऱ्यांवर अडीच तास निघायला पाहिजेत. तासाभरात संपतात म्हणजे एक तर बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्यात, नाहीतर लेझर प्रिंटर त्याच लाइनवर आहे. तो गरम होताना एकटाच पाच-सातशे वॅट ओढतो. त्याला इन्व्हर्टरवरनं काढा.

अजून एक बघा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊ नयेत म्हणून इन्व्हर्टर यूपीएस मोडवर असणार. त्या मोडला व्होल्टेज १८०च्या आसपास खाली गेलं की तो बॅटरीवर जातो. संध्याकाळी तुमच्याकडं व्होल्टेज पडतच असेल. बल्ब मिणमिणतोय, लोक म्हणतात करंट हाय, आणि इकडं बॅटरी गुपचूप रिकामी होतीय.

माझं मत: सर्व्हर, राउटर आणि कॅमेरे वेगळे काढा. त्यांचा लोड जेमतेम दोनशे वॅट. त्यांना स्वतंत्र छोटा इन्व्हर्टर आणि एक बॅटरी दिली तरी सहा तास जातात. पंख्यापायी कॅमेरा बंद पडायचं कारण नाही. उद्यमबागेतल्या फाउंड्रीतही असंच असतं. लोखंड वितळवणारी अख्खी इंडक्शन भट्टी जनरेटरवर कोण चालवत नाही, पण कॉइलच्या थंड पाण्याची सोय वेगळी ठेवतात, कारण करंट गेला तरी आतलं लोखंड तापलेलंच असतं.

सोलरचं संचालकांना नीट सांगा. बिल कमी करणारं साधं ऑन-ग्रिड, म्हणजे लाइनला जोडलेलं सोलर करंट गेला की स्वतःच बंद पडतं. मेलेल्या लाइनवर काम करणाऱ्या लाइनमनच्या अंगावर करंट जाऊ नये म्हणून तसंच बनवलेलं असतं. बॅकअप पाहिजे तर बॅटरीवाला हायब्रिड, आणि आषाढात त्याला ऊन कुठलं!

चिकोडीकडची सिस्टर
वायरमनकाका बरोबर बोलले. आमच्या आरोग्य केंद्रात लसींना २ ते ८ अंश लागतात. पण लसींच्या आइस-लाइन्ड फ्रीजला आतनं बर्फाचं अस्तर असतं, झाकण उघडलं नाही तर तो बराच वेळ थंडी धरतो. म्हणून करंट गेला की आमचं पहिलं काम झाकणावर चिठ्ठी: "उघडू नये". मग बाकीची धावपळ.

खानापूरचा सेक्रेटरी
प्रिंटर त्याच लाइनवर आहे. आजच बघितलं. पण दिवसभर करंट आला नाही तर?

उद्यमबागचा वायरमन
तेवढ्यासाठी छोटा जनरेटर ठेवा, बॅटऱ्या चार्ज करायला आणि प्रिंटर चालवायला. दोन अटी. एक, चेंजओव्हर स्विच पाहिजेच, म्हणजे एका वेळी लाइन नाहीतर जनरेटर, एकच जोडला जातो. थेट बोर्डात वायर खुपसली तर तुमचा करंट उलटा ट्रान्सफॉर्मरमधनं वर चढून ११ हजार व्होल्टच्या लाइनवर जातो, आणि तिथं खांबावर कुणाचं तरी पोरगं असतं. दुसरी, धूर बाहेर मोकळ्यावर. मागच्या खोलीत दार लावून चालवायचा नाही, पाऊस असला तरी. आठवड्यातनं एकदा लोड टाकून दहा-पंधरा मिनिटं चालवा.

आणि बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर कोण घालतो तुमच्यात?

खानापूरचा सेक्रेटरी
शिपाई घालतो म्हणे. बाटली बघितली, वरती धूळ आहे.