मेन सर्व्हर आडवा झाला तर रोल लगेच सीझ करायचे का?

अंबडकर: सोमवारी पहाटे आमच्या कारखान्यातला मुख्य डोमेन कंट्रोलर (सगळ्यांची खाती आणि लॉगिन सांभाळणारा सर्व्हर) गेला. रात्रभर लाइट ये-जा करत होती, युपीएसच्या बॅटऱ्या फुगलेल्या, सकाळी बघतो तर रेडच्या (डेटा अनेक डिस्कवर वाटून ठेवायची जोडणी) दोन डिस्कवर लाल दिवा. दुसरा कंट्रोलर सिन्नरच्या प्लांटला धडधाकट चालू होता तरी इकडे ईआरपी (कारखान्याच्या कामकाजाचं सॉफ्टवेअर) उघडेना, शेअर फोल्डर दिसेना, गेटवर माल भरलेल्या गाड्या उभ्या आणि चलन निघत नाही. तासभर डोकं फोडल्यावर सापडलं काय तर फायरवॉलच्या डीएचसीपीत (मशीनना नेटवर्कची सेटिंग वाटणारी सोय) डीएनएसचा, म्हणजे नावावरून सर्व्हर शोधून देणाऱ्या सेवेचा, एकच पत्ता, तोही मेलेल्या सर्व्हरचा! सिन्नरचा पत्ता टाकला, मशीन रीस्टार्ट करायला लावली, कामं सुरू. मग मी लगेच पाचही रोल (डोमेनमधली एका वेळी एकाच कंट्रोलरकडे असणारी खास कामं) सिन्नरवर सीझ केले, म्हणजे मेलेल्या सर्व्हरकडून जबरदस्तीने काढून घेतले. अशा वेळी वाट बघत बसू नये असं माझं ठाम मत आहे.

सातपूरवाला: नाही पटलं भाऊ. गाडी डीएनएसने अडली होती, रोलने नाही. स्कीमा मास्टर (डोमेनच्या डेटाबेसची रचना बदलायचा रोल) चार दिवस नसला तर कोणाला कळतही नाही. नवीन युजरसाठी प्रत्येक कंट्रोलरकडे 500 आरआयडींचा (नवीन खात्यांना द्यायचे क्रमांक) गठ्ठा आधीच दिलेला असतो. पीडीसी एम्युलेटर हा रोल लवकर लागतो हे मान्य, कारण घड्याळं त्याच्यावर मिळवलेली असतात आणि कर्बेरॉसला (लॉगिन तपासायची पद्धत) 5 मिनिटांच्या वर फरक चालत नाही, पण एका दिवसात एवढी घड्याळं पळत नाहीत. तेवढ्यात बॅकअपवरून जुना उठला असता. आता आरआयडी मास्टर (आरआयडींचे गठ्ठे वाटणारा रोल) सीझ केलाय म्हणजे जुना सर्व्हर परत जोडायचाच नाही, नाहीतर एकच एसआयडी (आरआयडीवरून बनणारी खात्याची ओळख) दोन खात्यांना जाईल.

अंबडकर: जोडायचाय कोणाला? डिस्क बदलून कोरं विंडोज टाकतोय, सिन्नरवर मेटाडेटा क्लीनअप (मेलेल्या सर्व्हरच्या नोंदी काढणं) झालंय, नव्याने प्रमोट करणार, म्हणजे परत कंट्रोलर बनवणार. आणि खरं सांगायचं तर बॅकअप आठ महिन्यांपूर्वीचा होता, टूम्बस्टोनची (पुसलेल्या गोष्टींच्या खुणा ठेवायची) मुदत 180 दिवस, त्याहून जुना बॅकअप चालत नाही, तो घेऊन काय करू?

गंगापूर रोड: मग खरं दुखणं तेच आहे ना, रोलवरून कशाला भांडताय. दुसरा कंट्रोलर म्हणजे बॅकअप नव्हे, इकडे काही पुसलं गेलं की तिकडेही पुसलं जातं. 2017 ला नॉटपेट्या या सायबर हल्ल्यात मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे कंट्रोलर गेले, वाचला तो घानामधला एकच, कारण तिथे नेमकी लाइट गेलेली आणि तो बंद होता. एवढी मोठी कंपनी नशिबावर तरली. स्नॅपशॉटच्याही (व्हर्च्युअल मशीनची त्या क्षणाची प्रत) भरवशावर राहू नका, विंडोज सर्व्हर 2012 च्या आधीच्या मशीनवर जुना स्नॅपशॉट चढवला की यूएसएन रोलबॅक होऊन (बदलांचे क्रमांक मागे जाऊन) रेप्लिकेशनची, म्हणजे कंट्रोलरमधल्या देवाणघेवाणीची, वाट लागते.

सातपूरवाला: आठ महिने?? मग सीझ करण्यावाचून मार्गच नव्हता, तेवढं माझं मागे घेतो. पण अंबडकर, आत्ता या घडीला तुमचं अख्खं डोमेन सिन्नरच्या एकाच डब्यात आहे. त्याचा सिस्टिम स्टेट बॅकअप (डोमेनच्या डेटाबेससकट विंडोजचा बॅकअप) घेतलाय का? डीएसआरएमचा (कंट्रोलर दुरुस्त करायचा मोड) पासवर्ड कोणाला माहितीये का? नवीन डिस्क नंतर बसवा, आधी तो बॅकअप बाहेरच्या ड्राइव्हवर घ्या आणि झाला की इथे सांगा.