पायलटला शिव्या घालण्याआधी

एकांनी लिहिलंय, नेता किंवा कलाकार विमान अपघातात गेला की त्यात घातपात असतोच. थांबा जरा.

17 एप्रिल 2004. दक्षिणेतली अभिनेत्री सौंदर्या निवडणूक प्रचारासाठी करीमनगरला निघाली होती. बंगळूरच्या जक्कूर विमानतळावरून उडाल्यावर लगेच तिचं छोटं सेसना विमान कोसळलं, तिच्या भावासकट चौघं गेले. आमच्या शहापुरात कटिंगच्या दुकानात आरशाशेजारी तिचा फोटो होता. दुकानदार कानडी, गिऱ्हाईकं निम्मी मराठी. संध्याकाळी त्याने फोटोला चाफ्याचा हार घातला, आणि अर्धी दाढी झालेला एक जण तसाच साबण लावून पायलटला शिव्या घालत बसला. पायलटही त्यातच गेला होता, हे कुणाच्या ध्यानातच नाही.

2 सप्टेंबर 2009 ला आंध्रचे मुख्यमंत्री राजशेखर रेड्डींचं हेलिकॉप्टर नल्लमलाच्या जंगलात पडलं आणि ते गेले तेव्हा तर कहर. चार महिन्यांनी एका टीव्ही चॅनलने एका उद्योगसमूहाच्या कटाची बातमी लावली आणि आंध्रात त्या समूहाची दुकानं फुटली. चौकशी अहवालात काय होतं? बिघाडाचा इशारा आला, वैमानिक सहा मिनिटांहून जास्त वेळ पुस्तिकेत उपाय शोधत राहिले, तोवर हेलिकॉप्टर वादळी ढगात शिरून खाली येणाऱ्या जोरदार वाऱ्यात सापडलं. आता यात खलनायक कुठून आणायचा?

रडा की खुशाल, आम्हीही रडलो. पण अहवाल यायच्या आत व्हॉट्सॲपवर आरोपी ठरवायचा, हे मला तरी पटत नाही. (तो दुकानदार मात्र त्या दिवशी एक शब्द बोलला नाही. अर्धी दाढी पुरी केली आणि शटर ओढलं.)